बंद बेडरूममधली कोंडी अशी फोडली
परभणीत उन्हाळ्यात पारा ४२च्या पुढं जातो, म्हणून वीजबिलासाठी बेडरूमच्या फटी रबरपट्टीनं बुजवल्या. एसीचा कॉम्प्रेसर कमी चालू लागला, पण सकाळी डोकं जड. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पहाटे हवा मोजायच्या मीटरवर श्वासातून साचलेला कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर. बाहेर तो साधारण ४२०.

जुन्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, साणं (छतातलं उघडं भोक) असायचं, धूर अन् ऊब वरून निघून जायची. तोच धागा धरला. उत्तरेच्या भिंतीत खाली जाळीचं भोक, समोर छताजवळ कमी वेगाचा एक्झॉस्ट, रात्रभर चालू. गच्चीला चुना मारला, त्यामुळं एसीवर भार फारसा वाढला नाही. आता मीटर हजाराच्या आत. जाळी तेवढी धुवत राहावी लागते, धूळ काही कमी नाही आपल्याकडं.