घरच्या ओव्हरलॉक मशीनवर या चुका टाळा

ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड कापत कापत धाग्यांनी गुंफणारं मशीन. त्याचा टाका बिघडला की पहिला हात टेन्शनच्या, म्हणजे धाग्याचा ताण ठरवणाऱ्या चकतीकडे जातो. तो तिथेच थांबवा. काल नीट शिवणारं मशीन आज साखळी सोडायला लागलं, तर बहुतेक वेळा एखादा धागा आपल्या वाटेतून निसटलेला असतो. चारही चकत्या फिरवल्या की मूळ दोष राहतोच, वर आणखी चार होतात. आधी सगळे धागे काढा, दाबाचा पाय वर करा आणि पुन्हा ओवा. पाय खाली असला की बऱ्याच मशीनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यात बसतच नाही.

ओवायचा क्रम साधारण असा: वरचा लूपर, खालचा लूपर (लूपर म्हणजे सुईच्या धाग्यात आपला धागा गुंफणारा आकडा), शेवटी सुया. खरी फसगत खालच्या लूपरची. त्याचा धागा तुटला की आपण तेवढाच ओवतो, आणि दोन टाक्यांत तो पुन्हा तुटतो. मी एका ब्लाउजवर अख्खी दुपार अशी घालवली, दोष धाग्याला देत राहिले. खरं कारण असं, की सुयांचे धागे प्लेटखाली त्या लूपरवर आधीच पडलेले असतात आणि नवा धागा त्यांच्यात अडकतो. म्हणून सुया आधी मोकळ्या करायच्या, खालचा लूपर ओवायचा, मग पुन्हा सुया.

टाके सुटत असतील तर सुई बदला. ती शेवटपर्यंत वर गेली आहे ना, तेही बघा. चार धाग्यांच्या मशीनमध्ये डावी सुई उजवीपेक्षा किंचित वर असते. हे बरोबर आहे. दोन्ही एका पातळीत आणायला डावी खाली ओढू नका. सुईचा प्रकार मात्र मशीनच्या पुस्तिकेत बघूनच घ्या, कारण साध्या मशीनची सुई प्रत्येक ओव्हरलॉकला चालत नाही.

एवढं करूनही बिघाड राहिला तरच टेन्शन. चिंधीवर चार रंगांचे धागे घालून शिवा, दोषी धागा लगेच दिसतो. वरच्या लूपरचा धागा कडेवरून मागे वळत असेल, तर तो सैल आहे किंवा खालचा जास्त घट्ट आहे. शिवण उघडल्यावर सुईचे टाके शिडीसारखे दिसले, तर सुईचा धागा सैल. एका वेळी एकच चकती, तीही थोडीशीच फिरवा.

टी-शर्टच्या कापडाची कड लाटांसारखी होते, तो टेन्शनचा दोष नसतो. डिफरेन्शियल फीड, म्हणजे कापड सरकवणाऱ्या पुढच्या आणि मागच्या दातांच्या चालीचं प्रमाण, 1 च्या वर न्या. पातळ रेशमी कापड चुण्या घेत असेल तर 1 च्या खाली, 0.7 कडे.

हे मशीन कापत शिवतं, त्यामुळे लव फार साचते. ती ब्रशने काढा. तोंडाने फुंकलं की ओलावा आत जातो. तेल शिलाई मशीनचंच, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी थेंबभर. खोबरेल तेल घालू नका, थंडीत ते थिजतं आणि मशीन जड चालतं. आणि टाचण्या कडेला लावायच्याच असतील तर पात्यापासून दूर, शिवणीला समांतर. टाचणीवरून पातं गेलं की त्याला खाच पडते, आणि मग कापड कापलं न जाता चावल्यासारखं दिसतं.