फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन गेम: त्यातलं घर वापरात असूनही ते पाडण्याची सूचना येत असेल तर

ऑक्टोबर छाटणीमुळे मी निफाडला द्राक्षबागेत अडकलो होतो. गेममधल्या घरात रोज जायचा तो नाशिकला असलेला धाकटा भाऊ, माझा टेनंट, म्हणजे घर वापरायची परवानगी दिलेला खेळाडू. तरीही घर पाडणार असल्याची ईमेल आली. रात्री लॉगिन करून अंगणातल्या रोपांना पाणी घातलं, दुसऱ्या कॅरेक्टरने आतही जाऊन आलो. सूचना तशीच. दोघांनी मिळून सजवलेलं घर जाणार म्हणून झोप उडाली.

खासगी घर पाडलं जाण्याआधीची ४५ दिवसांची मुदत फक्त मालक कॅरेक्टर उंबरठा ओलांडून आत गेलं तरच नव्याने सुरू होते. टेनंट, त्याच अकाउंटचं दुसरं कॅरेक्टर, नुसतं अंगण, यातलं काहीच धरत नाहीत.

मी केलं ते असं: ज्या कॅरेक्टरने प्लॉट घेतला त्यानेच लॉगिन. टेलिपोर्टच्या यादीतून स्वतःचं घर निवडलं. अंगणात उतरल्यावर थेट दारावर क्लिक करून आत जायला होकार दिला. आतली खोली पूर्ण लोड होऊ दिली, मगच बाहेर. धोका टळला.

फ्री कंपनीच्या, म्हणजे गिल्डच्या, घराला मात्र कुठलाही एक सदस्य आत गेला तरी चालतं. अपार्टमेंटला ही मुदतच नाही.