फुटलेला महाधमनी ॲन्युरिझम आणि रुग्णाचे वय: प्रबंध हाती घेणाऱ्यांसाठी

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेताना मी प्रबंधासाठी निवडलेला प्रश्न वरकरणी सरळ होता: पोटातील महाधमनीचा ॲन्युरिझम, म्हणजे तिच्या भिंतीला आलेला फुगा, फुटल्यावर तातडीची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वाचेल की नाही, हे त्याच्या वयावर कितपत अवलंबून असते? याच वाटेने येणाऱ्या निवासी डॉक्टरांना माझे सांगणे असे की, वयाचा रकाना भरण्याआधी शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत कोणाचे नावच नाही, याचा शोध घ्यावा. अनेक रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात, आणि पोहोचलेल्या अतिवृद्धांपैकी काहींवर शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय डॉक्टर व नातेवाईक मिळून घेतात. त्यामुळे यादीत उरलेले ८० वर्षांपुढील रुग्ण मुळातच निवडक आणि तुलनेने धडधाकट असतात, व त्यांचे निकाल साठीतल्या रुग्णांशेजारी मांडले की वयाचा परिणाम प्रत्यक्षाहून सौम्य भासतो. अपघात विभागाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्याखेरीज हा दोष उघड होत नाही. काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्याजोगे नाही.

वय एकटे येत नाही, हेही लवकर ध्यानात येते. अशा रुग्णाच्या मृत्यूचा धोका मोजणाऱ्या हार्डमन निर्देशांकातील पाच घटकांपैकी ७६ वर्षांहून अधिक वय हा केवळ एक आहे. उरलेले चार म्हणजे रक्तात वाढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण), ९ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन, ईसीजीतील इस्केमियाची (हृदयाला रक्त कमी पडत असल्याची) चिन्हे आणि रुग्णालयात आल्यावर हरपलेली शुद्ध. धोका मोजणाऱ्याच दुसऱ्या पद्धतीत, ग्लासगो ॲन्युरिझम स्कोअरमध्ये, वयाच्या वर्षांत शॉकसाठी (रक्तदाब धोकादायकरीत्या घसरल्यास) १७ गुण मिळवतात, म्हणजे शॉकमधील ६५ वर्षांचा आणि शॉक नसलेला ८२ वर्षांचा रुग्ण, इतर आजार नसल्यास, समान गुणांवर येतात. माझ्या मते वयाची चर्चा कुठून सुरू करावी, हे या एका बेरजेतून उत्तम कळते. विश्लेषणात मात्र ८० वर्षांची रेघ ओढून दोन गट पाडू नयेत, वय सलग संख्या म्हणूनच वापरावे; ७९ आणि ८१ यांत शरीराला काही फरक जाणवत नाही.

केवळ ३० दिवसांच्या मृत्युदरावर थांबणेही अपुरे ठरते. मुख्यतः ब्रिटनमध्ये ६१३ रुग्णांवर झालेल्या इम्प्रूव्ह चाचणीत ३० दिवसांचा मृत्युदर स्टेंट-ग्राफ्टच्या (पोट न उघडता धमनीतून आत बसवल्या जाणाऱ्या नळीच्या) धोरणात ३५.४ टक्के आणि खुल्या शस्त्रक्रियेत ३७.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच होता. तीन वर्षांनी मात्र तो अनुक्रमे ४८ व ५६ टक्के झाला. पाठपुरावा असा लांबला की वृद्ध रुग्ण इतर कारणांनीही मृत्यू पावतात, म्हणून त्यांची तुलना त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकसंख्येशी करावी लागते.

आजारापूर्वी रुग्ण स्वतः चालत होता का, स्वतःची कामे करत होता का, हे केस पेपरवर क्वचितच लिहिलेले असते. नंतर नातेवाइकांना विचारून मिळणारे उत्तर निकालाच्या छायेतले असते. त्यामुळे माहितीच्या नमुन्यात या दोन प्रश्नांचा रकाना पहिल्या रुग्णापासूनच ठेवावा.