एका पिचरवर संघ उभा करू नका

शाळेचा सॉफ्टबॉल संघ हाती घेणार असाल तर आधी विचारा, पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी) किती? उत्तर "एकच, पण जबरदस्त" असं आलं, तर संघ शून्यातून बांधायचा आहे असं धरूनच चाला.

माझ्याकडे असाच संघ आला. 17 वर्षांखालील मुलींचा, जिल्ह्यात नावाजलेला. पिचर दहावीत गेली, घरच्यांनी क्लास लावला, मैदान बंद! उरलेल्यांपैकी एकीलाही 43 फुटांवरून चेंडू फलंदाजापुढच्या प्लेटवर टाकता येईना. येणार कसा? कुणी टाकूच दिला नव्हता. पहिल्या सामन्यात आम्ही वॉकवर वॉक (चार चुकीचे चेंडू पडले की फलंदाजाला फुकट पहिला बेस) देत हरलो. वॉक देत बसलं की फिल्डिंगला काही कामच उरत नाही, मुली उन्हात नुसत्या ताटकळतात. मग दुसऱ्या दिवसापासून एकेक जण यायची बंद होते.

यात फसायला होतं, कारण शालेय पातळीवर एक वेगवान पिचर खरंच सामने जिंकून देते. समोरच्यांच्या बॅटला चेंडूच लागत नाही. ट्रॉफी येते, मुख्याध्यापक खूश, आणि बाकीच्या आठ जणी वर्षभर काही न शिकता प्रमाणपत्र घेऊन जातात.

त्या एकीचे हालही कमी नसतात. "अंडरआर्म आहे, खांद्याला काही होत नाही" असं मुरलेले सरही सांगतील. अजिबात ऐकू नका. विंडमिल या पिचिंगच्या पद्धतीत हात पूर्ण गोल फिरतो. खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर येणारा ताण ओव्हरहँड थ्रोच्या तोडीचा असतो, हे अभ्यासांत मोजलं गेलंय. अमेरिकेतल्या मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये, जिथे ओव्हरहँडच टाकतात, 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 पिचची (टाकलेल्या चेंडूंची) मर्यादा आहे, आणि 66 किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे एकच मुलगी एका दिवसात दोन-दोन सामने ओढते. एक वही करा, पिच मोजा, खांदा दुखला की त्याच दिवशी थांबवा. फायनल असली तरी.

पहिल्याच महिन्यात निदान तिघींना पिचिंगला लावा. मोबाईलवरचे विंडमिलचे व्हिडिओ दाखवून सुरुवात करू नका, त्यात फक्त वेग दिसतो. आधी जवळून नुसतं मनगट, मग अर्धा हात, मग पूर्ण फेरा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

बाकी गोष्टी जमतात, घाबरू नका. क्रिकेटमधून आलेल्या मुली बॅट घेऊन पळतील, पहिल्या बेसवर पाय ठेवून करकचून थांबतील (तो ओलांडून पुढे पळत जाता येतं, हे शंभरदा सांगावं लागतं). फक्की मारायला, बेस मोजायला त्यांनाच लावा. दोन बेसमधले 60 फूट पायाने मोजले की नीट लक्षात राहतात. आणि स्वतः अंपायरिंग करा. कोचिंग कोर्सचं प्रमाणपत्र नोकरीला लागतं, घ्याच. पण माझ्या मते नियम अंगात मुरतात ते प्लेटच्या मागे उभं राहूनच.

मिळतं काय? मानधनाचं विचारू नका. पालक ग्रेस गुण आणि नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणाचं विचारतील. त्यात गैर काही नाही, त्यांना नीट माहिती द्या. मला मिळालं ते वेगळंच. राईट फिल्डला ढकललेली, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी फलंदाजी करताना तिसऱ्या स्ट्राईकला फसली, म्हणजे तिसऱ्यांदा चेंडू हुकला. कॅचरच्या हातून चेंडू सुटला, पहिला बेस रिकामा (अशा वेळी फलंदाज लगेच आउट नसते, तिला पहिल्या बेसकडे पळता येतं). सगळे "आउट" म्हणून ओरडत असताना ही पळाली आणि सेफ! समोरचे सर अंपायरशी भांडायला आले, तर हिनेच त्यांना नियम सांगितला. पुढच्या आठवड्यापासून मी तिला पिचिंगच्या रांगेत घेतलं. वेग अजून बेताचाच आहे, पण स्ट्राईक पडतात, आणि आता माझ्याकडे चौघी आहेत.