परदेशी गिऱ्हाईक येण्याआधी कोडचा कागद पक्का करा

बेदाण्याच्या फोटोवरून त्याची प्रत सांगणारं आमचं ॲप सांगलीत, विश्रामबागच्या दोन खोल्यांत तयार झालं. त्याचा मुख्य कोड मिरजेच्या एका मुलानं घरून लिहिला. तो आमच्या पगारावर नव्हता, ठरलेल्या रकमेवर काम करायचा. पुढं दुबईच्या एका व्यापाऱ्यानं ॲप वापरायचा परवाना मागितला. त्याच्या वकिलाचा पहिलाच प्रश्न होता, कोड कुणाचा? मी मुलानं सही केलेली चिठ्ठी पाठवली: ‘सर्व हक्क कंपनीला दिले.’

ती पुरली नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 नीट वाचा. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे दुबईसाठी माझ्या हातात काहीच नव्हतं. मुलगा भला, दुसऱ्याच दिवशी येऊन नव्या कागदावर सही करून गेला. तो परगावी नोकरीला गेला असता, फोन उचलत नसता, तर सौदा तिथंच मोडला असता.

म्हणून कागदावर एवढं असू द्या: नेमका कोणता कोड, मोबदला किती, कॉपीराइटची संपूर्ण मुदत, संपूर्ण जग. शिवाय वर्षभरात हक्क वापरले नाहीत तरी ते परत जाणार नाहीत, हेही लिहा. नाहीतर त्याच कलमानुसार ते जाऊ शकतात. पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा कंपनीचाच असतो, तरी नेमणूकपत्रात एक ओळ घालाच.

मालकी अशी पक्की झाली की परदेशात कॉपीराइटसाठी फार पळापळ नाही. कॉपीराइटचा 1886 चा आंतरराष्ट्रीय बर्न करार आणि 1995 पासून लागू झालेला जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार यांमुळे सदस्य देशांत कोडला साहित्यकृतीसारखं संरक्षण नोंदणीशिवाय मिळतं. अमेरिकेत मात्र कायद्यानं ठरवलेली भरपाई मागायची तर बहुतेक वेळा तिथली नोंदणी चोरीच्या आधीची लागते.

पेटंटचं तसं नाही, ते देशोदेशी वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम 3(के) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रामला किंवा अल्गोरिदमला पेटंट नाही. तांत्रिक परिणाम दाखवता आला तर वाट उघडते. तशी आशा असेल तर अर्जाआधी तासगावच्या शेतकरी मेळाव्यातसुद्धा आतली पद्धत उलगडून सांगू नका. स्वतःच जाहीर केलेल्या शोधाला अमेरिका वर्षभराची सवलत देते, युरोप जवळजवळ देतच नाही. अर्ज आधी भारतात करा. त्यानंतर 6 आठवडे थांबल्याशिवाय किंवा पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बाहेर अर्ज करू नका. केलात तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. पहिल्या अर्जाची तारीख परदेशातही टिकवायची तर 12 महिन्यांच्या आत तिकडे किंवा पीसीटीमार्गे, म्हणजे अनेक देशांसाठीच्या एकाच आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जानं, अर्ज गेला पाहिजे.

ॲपच्या नावाचा ट्रेडमार्कही इथंच आधी: डाउनलोड होणाऱ्या ॲपला वर्ग 9, ऑनलाइन सेवेला 42. भारत 2013 मध्ये माद्रिद व्यवस्थेत आल्यापासून त्याच आधारावर एका अर्जात अनेक देश मागता येतात. पण पहिली 5 वर्षं इथला अर्ज किंवा नोंदणी बाद झाली तर तिकडचीही बाद होते, म्हणून कुणाची हरकत आली तर उत्तराची मुदत चुकवू नका.