कन्सोलवर बसण्याआधी

आतड्याच्या ऑपरेशनात रोबोटवर पहिला टाका घालताना मी दोरा तोडला. दुसऱ्यांदाही तोडला. गाठ आवळताना बोटांना जो ताण कळतो तो कन्सोलवर, म्हणजे सर्जन बसून रोबोट चालवतो तिथे, कळतच नाही. आपण चिमटीत पकडलेल्या मुठी फिरवत असतो आणि काही फुटांवर पेशंटच्या पोटात धातूची मनगटं वळत असतात. तिसऱ्या वेळी सर मागून म्हणाले, "हाताने नको, डोळ्यांनी ओढ." म्हणजे काय, ते कळायला मला कित्येक आठवडे लागले. दोरा ताठ झाला आणि त्याखालचं आतडं जरासं पांढुरकं पडलं की थांबायचं. 2024 मध्ये आलेल्या दा विंची 5 या ऑपरेशनच्या रोबोटमध्ये ताण हाताला जाणवून देणारी उपकरणं आहेत, पण सगळीकडे ती मिळतीलच असं नाही. ही नजर आधी बसलेली बरी.

"रोबोट शिकायला किती दिवस लागतात?" असं नवी मुलं विचारतात. मी उलट विचारतो, मूळव्याध आणि भगंदर किती केलेत? तोंडं वाकडी होतात. जनरल सर्जरीनंतर कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदाशय) फेलोशिपला आलेल्यांना हे काम किरकोळ वाटतं; मलाही वाटायचं. पण मलद्वाराचे स्नायू कुठे सुरू होतात, किती जाड असतात, त्यातले किती कापले की माणसाचा शौचावरचा ताबा जातो, हे भगंदरच शिकवतं. गुदाशयाच्या कॅन्सरची गाठ स्नायूच्या किती वर आहे, ती हलते की चिकटलीय, हे एमआरआय सांगतोच, तरी बोट घालून स्वतः तपासल्याशिवाय ऑपरेशन ठरवू नका. आतड्याला जोड देता येईल की कायमचा स्टोमा (पोटावर आतड्याचं तोंड काढून त्यावर पिशवी) करावा लागेल, याचा निर्णय कधीकधी त्या एका बोटावर येऊन ठेपतो.

मग रोबोट कशाला? तर पेल्व्हिससाठी, म्हणजे कमरेच्या हाडांमधल्या खोलगट जागेसाठी. हाडांचं ते फनेल पुरुषांमध्ये विशेष अरुंद असतं, आणि लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीच्या ऑपरेशनची) सरळ, लांब उपकरणं तळाशी जाऊन एकमेकांना अडतात. गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण, मेसोरेक्टम, न फाडता अख्खं बाहेर काढायचं, हे तत्त्व बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलं आणि या कॅन्सरचं परत उलटणं खूप कमी झालं. त्या वेष्टणाच्या बाहेर कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पातळ थर असतो. त्यात राहिलात तर रक्त जवळजवळ येत नाही. जरा बाहेर सरकलात तर लघवीच्या आणि लैंगिक कार्याच्या नसा हातात येतात. इथे कॅमेरा स्वतःच्या ताब्यात असणं, चित्र त्रिमितीय असणं, टोकाला वळणारं मनगट असणं याचा खरा उपयोग होतो.

पण यंत्राच्या प्रेमात पडू नका. रोबोट आणि लॅप्रोस्कोपीची तुलना करणाऱ्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोलार चाचणीत 471 पेशंट होते. ऑपरेशन अर्ध्यात सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये 8.1 टक्के, लॅप्रोस्कोपीत 12.2 टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. पुढे चीनमधल्या मोठ्या चाचणीत मुरलेल्या सर्जनांच्या हातून रोबोटचे निकाल सरस आले. माझ्या मते यात यंत्राइतकाच 'मुरलेल्या' या शब्दाचा वाटा आहे.

आता बेडसाइडबद्दल, म्हणजे पेशंटशेजारी उभं राहून करायच्या मदतीबद्दल, कारण तिथेच लोक घाई करतात. कन्सोलवर बसायची स्वप्नं बघत मी पेशंटशेजारी महिनोन्‌महिने उभा राहिलो. पोर्ट (उपकरणं आत जाण्याच्या नळ्या) कुठे घालायचे, रोबोटचे हात एकमेकांवर आदळू नयेत म्हणून किती अंतर ठेवायचं, डॉकिंग (ते हात पोर्टला जोडणं), सक्शन, धूसर झालेला कॅमेरा पुसून परत देणं. कंटाळा यायचा. एकदा मात्र, मी कन्सोलवर नवखा असताना, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपुढच्या शिरांमधून रक्त आलं. पडदा सेकंदात लाल. मी ओरडलो, "रोबोट काढा!" आणि कुणीच हललं नाही. काढायचा कुणी, हे मी आधी ठरवलंच नव्हतं. उपकरणांच्या चिमट्यात ऊती धरलेली असेल तर आधी ती सोडवायला हवी, मग उपकरणं बाहेर, मग रोबोटचे हात बाजूला, मग त्याचा गाडा मागे. बेडसाइडला असलेल्या ज्युनिअरने मला न विचारता पोर्टमधून गॉज आत सोडला. तो रोबोटच्याच चिमट्याने दाबून धरल्यावर रक्त थांबलं आणि पोट उघडावं लागलं नाही. चूक माझी होती. त्यानंतर प्रत्येक केसआधी मी मोठ्याने विचारतो: उपकरणं कोण काढणार, गाडा कोण ओढणार, पोट उघडायच्या हत्यारांचा ट्रे कुठे आहे? सिस्टर हसतात. हसू देत.

सिम्युलेटर कराच, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. स्वतःचे व्हिडिओ मात्र बघा, तेही जिथे अडखळलात तिथले. आणि आतडं जोडण्याआधी हिरव्या डायने रक्तपुरवठा तपासायची सवय लावा. शिरेतून हा डाय, आयसीजी, दिला की जिवंत आतडं पडद्यावर हिरवं उजळतं. साध्या प्रकाशात गुलाबी, ठणठणीत दिसणारं टोक त्यात काळं राहिलेलं मी पाहिलंय. त्या दिवशी मी आणखी थोडं आतडं कापून वर सरकलो.

पेशंट विचारतात, "म्हणजे ऑपरेशन रोबोट करणार का?" नाही, मीच करणार, मी हात हलवल्याशिवाय तो हलत नाही. हे सांगून झालं की ते लगेच पुढचा प्रश्न विचारतात, तो स्टोमाच्या पिशवीचा असतो. तात्पुरता असला तरी आदल्या दिवशी जागा ठरवावीच लागते. ते काम ज्युनिअरवर सोडू नका. पेशंटला आधी झोपवून, मग बसवून, मग पुढे वाकायला सांगून पोटाच्या वळ्या बघायच्या, त्याचा पट्टा कुठे येतो ते विचारायचं, आणि वाकल्यावरही जी जागा त्याला स्वतःला दिसते तिथे मार्करने फुली मारायची.