जुन्या लेन्सचा पिवळेपणा: थोरियमची काच ओळखणे आणि उजळवणे

सांगलीत पिवळ्या रंगाचे कौतुक हळदीला. जुन्या लेन्समधून पाहताना पांढरा कागदच हळदीचा दिसू लागला, तर मात्र त्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे का, हे तपासावे. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) वाढावा आणि तरीही रंग फारसे विखुरू नयेत, यासाठी १९४० ते १९७० च्या दशकांत काही भिंगांच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळत असत. ‘असाही पेंटॅक्स’ या जपानी ब्रँडची सात भिंगांची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ १.४ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच नावाच्या आधीच्या आठ भिंगांच्या लेन्समध्ये थोरियम नाही, म्हणून केवळ नाव वाचून निष्कर्ष काढू नये.

तपासणीसाठी अपर्चर (प्रकाश आत येण्याचे पात्यांचे छिद्र) पूर्ण उघडून लेन्स पांढऱ्या कागदावर धरावी. काचेवरील लेपनाचा रंग परावर्तित प्रकाशात दिसतो, थोरियमचा पिवळेपणा आरपार पाहताना दिसतो. भिंगे एकमेकांना चिकटवण्यासाठी वापरलेला जुना बाल्सम (झाडाचा राळेसारखा चीक) हाही पिवळा पडतो, त्यामुळे खात्री हवी असल्यास किरणोत्सार मोजणारे गायगर मापक लेन्सच्या दोन्ही टोकांशी धरून खोलीतील नेहमीच्या नोंदीशी तुलना करावी.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे असल्यामुळे किरणोत्सार आपल्या हयातीत कमी होणार नाही. पिवळेपणा मात्र जातो, कारण तो किरणोत्सारामुळे काचेत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा परिणाम असतो आणि अतिनील प्रकाश त्यांना मोकळे करतो. टाकुमारमध्ये थोरियमची काच मागच्या बाजूस असल्याने तीच बाजू वर करून, खाली ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून, अतिनील एलईडी दिव्याखाली लेन्स ठेवावी. दिव्याकडे थेट पाहू नये. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. ऊन वापरायचे तर हिवाळ्यातील सकाळचे वापरावे, कारण आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात आतले वंगण पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरते. शिवाय उन्हात उघडी ठेवलेली लेन्स जवळचे कागद-कापड पेटवू शकते, म्हणून तिच्यावरची नजर हलवू नये. (पावसाळ्यात हा उद्योग काढूच नये, तेव्हा बुरशी सांभाळली तरी पुरे.)

थोरियममधून बाहेर पडणारे अल्फा कण कागदानेही अडतात आणि कॅमेऱ्यावर लावलेल्या लेन्सपासून छायाचित्रकाराला मिळणारी मात्रा अल्प असते. तरीही अशी लेन्स उशाशी किंवा खिशात दीर्घकाळ ठेवू नये आणि तिची काच सूक्ष्मदर्शकाचे वा दुर्बिणीचे नेत्रभिंग म्हणून कधीही वापरू नये. ओरखडे काढण्यासाठी ही काच घासू नये, कारण तिची धूळ श्वासावाटे आत जाणे हाच खरा धोका आहे. फुटल्यास तुकडे झाडूने न लोटता ओल्या कापडाने टिपून घ्यावेत.